लोसाआत्यांचं कापड आणि पाचवा देवमासा

व्हावाऊ,
जुलैचा शेवटचा सोमवार

आदरणीय लोसाआत्या,

हे पत्र मी जमिनीवर बसून लिहितो आहे. मध्ये एवढा समुद्र असला तरी तुमच्यापुढे खुर्चीवर बसून लिहिणं मला बरं वाटेना. कंबरेला चटईसुद्धा गुंडाळली आहे, तीही रोजची नव्हे, चर्चला नेसतो ती. (तुमच्या भाचेसुनेने, सेलाने, मला असं बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "पत्र लिहिताय की कुणाच्या मयताला निघालात?" मी म्हटलं, दोन्हींत फारसा फरक नाही.) अक्षर तिरकं आलं तर ते मांडीवर फळी घेऊन लिहिल्यामुळे, असं समजावं. काव्हा प्यायच्या बैठकीला मी हल्ली आठवड्यातून तीनदाच जातो.

तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? ऑकलंडच्या थंडीत ते धरत असतील. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. सेला बरी आहे, तिचा आवाजही बरा आहे, तो तुम्हाला तिथवर ऐकू येत नाही हे तुमचं नशीब. म्हातारी डुकरीण अजून आहे. बाबांची तब्येत अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माझ्यापेक्षा चांगली आहे, फक्त डोळ्यांनी आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. बाकी सगळं हातांनी बघतात. परवा त्यांनी माझा चेहरा चाचपला आणि सेलाला सांगितलं की पोरगा सुटलाय, जेवण कमी कर. तेव्हापासून मला कोनफळाचे दोनच तुकडे मिळतात.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या खोलीतल्या पलंगाच्या गादीखाली ठेवलेलं तुमचं सालीचं कापड, ते तीस हातांचं न्गातू, डिसेंबरात मेलेआनेचं लग्न आहे म्हणून पाठवून दे, असं तुम्ही लिहिलं आहे. ते मी वाचलं. सेलाला वाचायला दिलं. मग पुन्हा मी वाचलं. नातीच्या लग्नात आजीच्या हातचं न्गातू अंथरलं नाही तर तिकडची सासरची माणसं काय म्हणतील हे मला समजतं, मी काही जनावर नाही. त्या कापडाविषयी मी पुढे सविस्तर लिहितोच. आधी जरा इकडची हकीकत.

(तुम्ही म्हणाल, एवढं पत्र कशाला, फोन करायचा. आत्या, तुमचा रविवारचा फोन आला की बाबा उठून बाहेर नीरफणसाखाली जाऊन बसतात आणि आम्ही फोन आवाज मोठा करून खिडकीत ठेवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे बारा-तेरा वर्षांचे झाल्यापासून तुम्ही बहीणभाऊ एका खोलीत बसला नाहीत आणि आता बसायचं वयही राहिलं नाही. पण बाबा खिडकीबाहेर एकूणएक शब्द ऐकत असतात. मध्येच डुकरिणीला म्हणतात, "गुडघ्याला ते हिरवं तेल लावते का, कुणी विचारलं का तिला?" आणि मग मी तुम्हाला विचारतो. जे सांगायचं आहे ते या खिडकीतून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.)

तर हकीकत अशी. आपल्या धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्यांसाठी नवी मोठी शेड बांधली आहे. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी तिचं उद्घाटन आहे. आपला गावअधिकारी मोसेसे, (तोच, ज्याला लहानपणी तुम्ही आंब्याच्या झाडावरून ओढून काढला होता, अजून तुमचं नाव काढलं की कान झाकतो) त्याच्या डोक्यात आलं की शेडच्या छताला एक भला मोठा देवमासा टांगावा. खरे देवमासे बघायला लांबलांबून माणसं येतात, आणि ज्या दिवशी देवमासे दिसत नाहीत त्या दिवशी ती मोसेसेच्या नावाने बोटं मोडतात. निदान हा तरी दिसेल. आता हे काम कोणाला द्यायचं? गावात कलाकार म्हणाल तर मीच. होड्यांच्या फुटलेल्या तळांना ठिगळं लावता लावता मी चर्चसाठी नाताळचा उंट केला होता. तो लोकांना कुत्रा वाटला हे खरं आहे, पण चांगला कुत्रा वाटला.

मी हो म्हटलं, आणि इथेच सगळं बिघडलं, कारण मी हो म्हणताना बाबा शेजारी बसले होते. आत्या, तुमच्या भावाने तरुणपणी होडीच्या टोकाला उभं राहून भाल्याने देवमासे मारले आहेत. शिकारीवर बंदी आली तेव्हा भाला त्यांनी स्वतःच्या हाताने धक्क्यावरून पाण्यात सोडून दिला आणि पुढे पंचेचाळीस वर्षं त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. आणि त्या दिवशी, मोसेसेच्या देखत, अचानक म्हणाले, "करायचा तर मादी कर. आणि झाली की मला हात लावू दे. मी सांगेन झाली की नाही ते." मोसेसेला हे फार आवडलं. त्याने लगेच जाहीर केलं की हेमालोटोबाबांनी होय म्हटल्याशिवाय देवमासा छताला चढणार नाही. त्याला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

पहिला देवमासा मी सिमेंटचा केला. जाळीचा सांगाडा, वर सिमेंट. जाळी घरचीच होती, म्हणजे डुकरांच्या कुंपणाची होती, आणि मला वाटलं डुकरांना दोन दिवस ध्यानात येणार नाही. त्यांना अर्ध्या तासात ध्यानात आलं. ती पाद्रीसाहेबांच्या कोनफळाच्या वाफ्यांत शिरली आणि पाद्रीसाहेबांनी पुढच्या रविवारी जे प्रवचन दिलं त्यात डुकरांचा उल्लेख सात वेळा होता. (शुभवर्तमानात डुकरं आहेत हे मान्य, पण सात वेळा नाहीत.) देवमासा मात्र झाला. वाळला. मग आम्ही चौदा जणांनी तो उचलायचा प्रयत्न केला आणि चौदा जण खाली बसलो. टांगायचं सोडाच, तो आमच्या आवारातून आता जगाच्या अंतापर्यंत हलणार नाही. बाबांनी हात फिरवला आणि विचारलं, "ही कुणाची कबर?" सध्या त्यावर सेला कपडे वाळत घालते.

दुसरा केला नारळाच्या झावळ्यांचा. सांगाडा कांदळवनाच्या काठ्यांचा, वर झावळ्यांचं विणकाम. सेला आणि तिच्या संघातल्या बायका चार दिवस विणत बसल्या, गाणी म्हटली, माझ्या उंटावरून मला भरपूर बोलून घेतलं. देवमासा हिरवागार आणि अगदी हलका झाला, मी एकट्याने शेपटी उचलली. पण झावळ्या वाळतात, आत्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी जन्मापासून झावळ्यांखालीच राहतो, पण कलेच्या भरात विसरलो. आठवडाभरात तो पिवळा पडला, आक्रसला, तोंड उघडं पडलं आणि एक बाजू आत गेली. बाबांनी हात लावला. मग म्हणाले, "टोपली मोठी आहे. झाकण कुठाय?"

तिसऱ्याविषयी तुमच्यापर्यंत बातमी आली असेल, कारण त्याचा पोलिसात कागद झाला आहे. समुद्राने काठावर आणून टाकलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मी गोळा केल्या, दोन हजारांवर. सगळ्यांना झाकणं लावली म्हणजे आत पाणी जाणार नाही, आणि जाळ्याच्या दोरीत ओवून ओवून देवमासा बांधला. उन्हात असा चमकायचा की शेजारची माणसं डोळे चोळत यायची. शनिवारी संध्याकाळी तो पुरा झाला आणि मी समाधानाने झोपलो. रविवारी सकाळी आम्ही सगळे चर्चमध्ये. पाद्रीसाहेब प्रार्थनेला उभे राहिले, सगळीकडे सामसूम झाली, आणि आमच्या आवाराच्या दिशेने ठक, ठक, ठकठक असा आवाज सुरू झाला. रात्रीच्या गारव्याने बाटल्या आत चेपल्या होत्या, आता ऊन लागल्यावर एकेक फुगून बाहेर येत होती. पण हे मला कळत होतं, गावाला नव्हतं. गावाला एवढंच कळत होतं की देवाच्या वारी कुणीतरी हातोडा चालवतं आहे. तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे रविवारी काम करणं हे नुसतं पाप नव्हे, गुन्हाही आहे. मी चर्चमध्ये बसलेला, सेला चर्चमध्ये, बाबा चर्चमध्ये, म्हणजे करतंय कोण? शिपाई चर्चमधून उठून आमच्या घरी गेला. तिथे चिटपाखरू नव्हतं. तो अर्धा तास झुडपामागे दबा धरून बसला, ठकठक चालूच, माणूस दिसेना. शेवटी त्याने वहीत लिहिलं की रविवारी सकाळी देवमासा काम करताना आढळला. सोमवारी मला बोलावून घेतलं आणि विचारलं, जबाबदार कोण? मी सांगितलं, ऊन. तेही त्याने लिहून घेतलं.

तो मोडावा लागला. बाबांनी त्यालाही हात लावला होता, म्हणाले, "हिच्या पोटात वारा आहे." तेवढंच.

चौथा मी फायबरचा केला. हे माझं रोजचं काम, यात मला कुणी शिकवायला नको. होडीला करतो तसा साचा, वर कापडाचे आणि राळेचे थर, घासूनपुसून चकचकीत केला, निळाकाळा रंग दिला. आत्या, खोटं नाही सांगत, तो सुंदर होता. मोसेसे येऊन त्याच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. वजन चार माणसांचं, पावसाला दाद नाही, रविवारी गप्प. मी बाबांचा हात धरून त्यांना घेऊन गेलो. त्यांनी डोक्यापासून सुरुवात केली, गळ्याकडे आले, तिथून पोटाखाली हात घातला आणि थांबले. "कितिओने, ही न्हाणीघरातली मोरी आहे," म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले. मला वाईट वाटलं. राग आला म्हणायला हवं, पण वाईटच वाटलं. जेवताना सेलाने मला न सांगता कोनफळाचा तिसरा तुकडा वाढला, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्हाला हवं तरी काय. तेव्हा ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते पूर्वी कधी बोलले नव्हते. म्हणाले, "शेवटची मारली ती मादी होती. काठाला ओढून आणली आणि सगळे सुऱ्या घेऊन आले. मी तिच्या पोटाला हात लावला. रेघा असतात तिथे, लांब लांब, गळ्यापासून खालपर्यंत. बोटं बसतात त्यांत. अजून ऊब होती. तिचं पिल्लू बाहेर खाडीत फिरत होतं, अंधार पडेस्तोवर. मला त्या रेघा पाहिजेत. नसतील तर नको टांगू." मग डुकरिणीकडे वळून म्हणाले की बरंच झालं बंदी आली ते. मी उठून कारण नसताना होडी घासत बसलो.

आता कापडाविषयी. (मी म्हटलं होतं लिहितो, आणि लिहितो आहे.)

जूनच्या पावसात तुमच्या खोलीचं छप्पर एका कोपऱ्यात गळलं. बाबांनी तुम्ही गेल्यापासून एकोणीस वर्षांत त्या खोलीच्या उंबऱ्यात पाऊल ठेवलेलं नाही. बहिणीची खोली ती बहिणीची खोली, ती ऑकलंडला असली म्हणून काय झालं. पूर्वी डोळे होते तेव्हा ते वर चढून बाहेरूनच पत्रा ठोकायचे आणि फटीतून आत दिसू नये म्हणून तोंड फिरवून ठोकायचे, त्यात एकदा अंगठा ठेचला. यंदा पत्रा मी ठोकला. सेला आत गेली, गादी उचलली, कापडाचा एक कोपरा दमट लागला. तुम्ही आणि माझ्या आजीने महिनाभर लाकडी मोगऱ्यांनी कुटून केलेलं कापड, त्याला बुरशी लागली असती तर आम्ही कुठे तोंड दाखवलं असतं? म्हणून, केवळ काळजीपोटी, सेलाने ते आवारात गवतावर उन्हाला पसरलं. हा आमचा पहिला अपराध, आणि मला वाटतं हा तुम्ही माफ कराल.

बाबा काठी टेकत तिकडून येत होते. काठी कापडाला लागली, ते वाकले आणि हात टेकला. मी ओरडणार होतो. सेलाने माझा दंड धरला. त्यांनी तळवा कापडावर पालथा ठेवला, मग हळूहळू पुढे सरकवला, मोगरीच्या खाचांनी उठलेल्या त्या रेघांवरून, मग गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात ठेवले. "हे," म्हणाले. "हेच. असंच होतं पोट. कुठे मिळालं तुला?"

आत्या, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? सांगितलं असतं की हे तुमच्या बहिणीचं, तिच्या बिछान्यातलं, तर त्यांनी विस्तवावरून काढावा तसा हात काढून घेतला असता. वर आठ दिवस जेवले नसते. ज्याने आयुष्यभर तुमच्या टॉवेलाला हात लावला नाही तो माणूस तुमच्या कापडावर गाल टेकून बसला होता. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "बाजारातून आणलं." सेलाने माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून त्यातून सावरलो नाही. हा दुसरा अपराध.

तिसरा तुम्ही ओळखलाच असेल. पाचवा देवमासा तयार आहे. सांगाडा काठ्यांचा, झावळ्यांच्या वेळचाच, आणि अंगावर तुमचं कापड. पाठीवर त्याची काळी किनार येते, पोटावर तपकिरी रेघा. वाऱ्याची झुळूक आली की पोट हलतं, श्वास घेतल्यासारखं. बाबा रोज सकाळी जातात, पोटाखाली खुर्ची टाकून बसतात, एक हात वर करून ठेवतात. मोसेसेला त्यांनी होय म्हटलं आहे. उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्या आहेत. मी रोज एकदा ठरवतो की कापड सोडवून घडी करून तुमच्याकडे पाठवायचं, आणि रोज एकदा ती खुर्ची पाहून परत येतो.

भावाच्या मुलांच्या घरातल्या कुठल्याही वस्तूवर तुमचा हक्क पहिला, हे मला लहानपणापासून शिकवलं आहे. तुम्ही माझी होडी मागितलीत तर द्यावी, डुकरीण मागितलीत तर द्यावी, सेला मागितलीत तर तिला विचारून द्यावी. तुम्हाला नाही म्हणणारा भाचा अजून जन्मला नाही. आणि मी न मागता तुमच्याच बिछान्यातलं घेतलं. तुमचा शाप लागतो असं म्हणतात. कापड चढवलं त्या आठवड्यात मला मानेवर गळू झालं. सेला म्हणते ते तसंच झालं असतं, मी मान धूत नाही. पण माझा उजवा कानही दुखतो आहे, तोच, जो तुम्ही पिळायच्या. (डावखुऱ्या असल्याने तुमच्या वाट्याला नेहमी माझा उजवाच यायचा. आजही तो डाव्यापेक्षा लांब आहे, टोपी तिरकी बसते.)

म्हणून खाली मान घालून सगळं कबूल करतो. रागवावं, पण फार वेळ रागावू नये. गुडघ्याला हिरवं तेल लावत राहावं. मेलेआनेला आशीर्वाद, तिच्या होणाऱ्या नवऱ्याला नमस्कार, आणि दोघांना यातलं काही सांगू नये.

तुमच्या घरातला सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस,
कितिओने

ता. क. हे पत्र मोसेसेची मेहुणी आणते आहे. तिने वाटेत फोडून वाचू नये म्हणून पाकीट खळीने चिकटवलं आहे. उरलेली खळ कापडाच्या ठिगळाला लावली. ठिगळाचं सांगायचं राहिलं. एका डुकराच्या पिल्लाने कोपरा खाल्ला, फार नाही, तळहाताएवढा. सेलाने असा बेमालूम जोडला आहे की मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं नसतं. आता सांगितलं.

दुसरी ता. क. खरं सांगायचं तर सगळं पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. कापड मी पाठवणार नाही. तुम्ही या आणि घेऊन जा. सेलाने त्याला एक टाका घातलेला नाही, कडांना नुसत्या काथ्याच्या गाठी मारल्या आहेत, तासाभरात सुटतं. उद्घाटन होऊ द्या, सगळ्यांनी एकदा बघू द्या, मग तुम्ही सगळ्या गावासमोर उठून म्हणा की हे माझं आहे. मोसेसे काय, त्याचा वरचा साहेब काय, तुमच्या हक्कापुढे कोण बोलणार? लग्नाला तीन महिने उरतील. छपराला मग मी चौथा टांगतो, मोरीवाला. तुम्ही दरवर्षी पुढच्या वर्षी येते म्हणता. आत्या, बाबांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं, आणि त्यांतही अंधार जास्त. छप्पर गळत नाही. गादी बदलली आहे.

तिसरी ता. क. पाकीट पुन्हा फोडावं लागलं. तुम्हाला जाणारं प्रत्येक पत्र बाबांना आधी वाचून दाखवायचं असा त्यांचा नियम. ते नीरफणसाखाली बसले आणि मी खिडकीत बसून वाचलं, कापडाचा सगळा भाग गाळून. वाचून झाल्यावर म्हणाले, "मधली तीन पानं उलटल्याचं ऐकू आलं. त्यातलं बोलणं नाही आलं." मग म्हणाले की बाजारात कुटलेल्या कापडाच्या रेघा उजवीकडे कलतात, सगळ्या जगातल्या बायकांच्या उजवीकडेच कलतात. या डावीकडे कलतात. आणि अशा मोगरीचा आवाज त्यांनी याच झाडाखाली बसून वर्षानुवर्षं ऐकला आहे, कापड कुटायच्या ओंडक्याच्या अगदी टोकाला बसलेली एक, बाकीच्यांपेक्षा किंचित मागे पडणारी. मी विचारलं, म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं? ते डुकरिणीकडेही वळले नाहीत. सरळ मला म्हणाले, "लिही. देवमासा तिचाच आहे. येऊन घेऊन जा म्हणावं. मी इथे बाहेर बसेन. तिला सांग, खिडकी तेवढी उघडी ठेव."

तुमच्या खोलीची ती नीरफणसाकडची खिडकी एकोणीस वर्षं उघडलेली नाही. आज दुपारी मी बिजागऱ्यांना तेल घातलं, आता उघडते.